शब्द ओळखीचे, अर्थ वेगळे

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे आहेत. ओळख पटावी म्हणून एकाला चांदूर बाजार म्हणतात आणि दुसऱ्याला चांदूर रेल्वे. मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. तो या दुसऱ्या चांदूरवरून जातो. आता कोणी पत्ता विचारला तर आपण सांगतो, 'तालुका चांदूर रेल्वे, जिल्हा अमरावती'. या लहानशा पत्त्यात किती भाषा आहेत पाहा. 'रेल्वे' इंग्रजी. 'तालुका' अरबी, तुम्ही उर्दूत 'तअल्लुक' म्हणजे संबंध म्हणता, त्याच घरातला हा शब्द. 'जिल्हा'ही अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ आहे बरगडी किंवा बाजू! शेजारच्या चांदूरचा 'बाजार' फारसी आहे.

हे शब्द मराठीत आले कसे? १४९०च्या सुमारास वऱ्हाडात इमादशाही सुरू झाली. तिची राजधानी अचलपूर. पुढे वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडे, मग मोगलांकडे आणि नंतर हैदराबादच्या निजामाकडे गेले. १८५३ साली इंग्रजांनी कारभार हाती घेतला. या साऱ्या काळात दरबाराचे कामकाज मुख्यतः फारसीत चाले. शेतकऱ्याला सारा भरायला, अर्ज करायला, जमिनीचा दाखला घ्यायला कचेरीत जावेच लागे. तेथले शब्द तो घरी घेऊन आला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, तेव्हा त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. तरी 'अर्ज', 'हुकूम', 'वकील' हे शब्द लोकांच्या जिभेवरून हलले नाहीत.

शेतातही हे शब्द आहेत. वऱ्हाडात पावसाळ्याच्या सुरुवातीला कापूस, तूर, सोयाबीन पेरतात. या पिकांना 'खरीप' म्हणतात. 'खरीफ' म्हणजे अरबीत शरद ऋतू. पेरणी पावसात होते, मग नाव शरदाचे का? कारण हे नाव कापणीच्या काळावरून पडले आहे. गहू-हरभऱ्याचे 'रब्बी' पीकही असेच. 'रबी' म्हणजे वसंत ऋतू. 'रबीउल अव्वल' हा महिना तुम्हांला ठाऊक आहेच. त्यातला 'रबी' तोच. हिजरी महिने चंद्रावर चालतात, म्हणून तो महिना आता सर्व ऋतूंतून फिरतो. आपला हरभरा मात्र वेळेवरच घरी येतो. आणि कापूस? हा शब्द संस्कृत 'कर्पास'पासून आला. तुमच्या उर्दूतला 'कपास' त्याचाच भाऊ. उलट इंग्रजीतला 'कॉटन' अरबी 'कुत्न'पासून निघाला आहे.

आता जरा सावध होऊन वाचा. मराठीतला शब्द ओळखीचा दिसला की आपल्याला आनंद होतो आणि आपण उर्दूतला अर्थ लावून मोकळे होतो. पुष्कळदा तो बरोबर निघतो. कधी मात्र घोटाळा होतो, आणि तो केवळ परीक्षेतल्या गुणांपुरता राहत नाही. समजा, घरी सरकारी पत्र आले : 'सात दिवसांच्या आत खुलासा सादर करावा.' घरात मराठी वाचणारे तुम्ही एकटेच. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश. पण येथे कोणी सारांश मागत नाही. असे का घडले त्याचे स्पष्टीकरण मागितले आहे. सारांश लिहून पाठवला तर काम बिघडेल.

'हरकत' पाहा. अरबीत ही हालचाल. जबर, जेर, पेश यांनाही तुम्ही हरकतच म्हणता. मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. शेताच्या हद्दीबद्दल 'कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी' अशी सूचना लागली, तर ती वाचून स्वस्थ बसू नका. मुदत निघून जाईल. बोलताना मात्र 'हरकत नाही' म्हणजे 'चालेल'. 'तक्रार' हा शब्द मुळात पुन्हा पुन्हा म्हणण्याचा; उर्दूत तो भांडणालाही लागतो. मराठीत तो गाऱ्हाण्याचा झाला. 'गरज' उर्दूत मतलब, मराठीत निकड. म्हणून 'मला तुझी गरज आहे' यात स्वार्थ शोधू नये!

मला स्वतःला 'शिकस्त' हा शब्द फार गमतीचा वाटतो. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत मात्र डॉक्टरांनी 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणजे शक्य तेवढे सारे प्रयत्न केले. रोगी बरा झाला तरी शिकस्त ती शिकस्तच. 'किताब' तर दोन शब्दांचा एक झाला आहे. पहिलवानाला 'महाराष्ट्र केसरी' हा किताब मिळतो तेव्हा त्याला पुस्तक मिळत नाही. तो उर्दूतला 'खिताब'. मराठीत 'ख'चा 'क' झाला.

अर्थ जुळला तरी लिंग जुळेलच असे नाही. उर्दूत आवाज 'आती है', मराठीत आवाज 'येतो'. उर्दूत दुकान 'खुली', मराठीत दुकान 'उघडले'. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'ते दुकान', 'ते मैदान' म्हणताना जीभ अडखळते. यासाठी एक सोपी युक्ती आहे. नवा शब्द वहीत लिहिताना त्याच्या आधी 'तो', 'ती' किंवा 'ते' लिहा आणि त्याचा मराठी अर्थ शेजारी मांडा. उर्दू अर्थ वेगळा असेल तर त्याखाली लाल शाईने रेघ ओढा. 'शाई'सुद्धा तुमचीच 'सियाही', म्हणजे काळेपणा. आता ती लालही असते.