एका छताखाली कुटुंबं किती?

म्हाडाच्या घरांच्या सोडतीची जाहिरात आली की आधी रेशनकार्ड बाहेर निघतं. कार्डावर नावं सहा, म्हणजे कुटुंब सहाजणांचं. सगळ्यांची कमाई मिळवली की झालं कौटुंबिक उत्पन्न. हिशेब इतका सरळ वाटतो की माहितीपुस्तिका उघडायची गरजच कुणाला भासत नाही. तिथे मात्र उत्पन्न धरतात ते फक्त अर्जदाराचं आणि त्याच्या पती किंवा पत्नीचं. वडिलांचं पेन्शन, धाकट्या भावाचा पगार त्यात येत नाही. ही नको ती बेरीज करून अत्यल्प उत्पन्न गटातला माणूस स्वतःला मध्यम गटात नेऊन बसवतो.

माणसं जास्त तर उत्पन्नाची मर्यादाही जास्त, हा दुसरा समज. अमेरिकेत तसं आहे. तिथे चारजणांचं कुटुंब पाया धरून माणसागणिक आकडा वरखाली होतो. आपल्याकडे दोघांचा संसार असो की सातजणांचा, मर्यादा एकच. मला हे पटत नाही, पण नियम आज असाच आहे.

खरा घोळ घालतात ती ‘ईडब्ल्यूएस’ (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) ही तीन अक्षरं. 2019 साली आलेल्या 10 टक्के आरक्षणासाठी मर्यादा 8 लाखांची आणि कुटुंबात आईवडील, 18 वर्षांखालची भावंडंही धरलेली. म्हाडाचा ईडब्ल्यूएस, म्हणजे अत्यल्प गट, मुंबई महानगर प्रदेशात 2022 पासून वार्षिक 6 लाखांपर्यंतचा. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 मध्ये याच नावाच्या गटाची मूळ मर्यादा 3 लाख, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी, अविवाहित मुलगे-मुली. म्हणजे सात लाख कमावणारं एखादं घर कॉलेजच्या प्रवेशाला दुर्बल ठरतं, म्हाडाच्या दारात अल्प गटात जातं आणि आवास योजनेत थेट मध्यम गटात. आरक्षणाचं प्रमाणपत्र घराच्या अर्जाला जोडणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

राहिलं गावचं घर, आणि त्यामुळे अर्ज बाद होण्याची भीती. ते वडिलांच्या नावावर असेल तर विवाहित, वेगळ्या संसाराच्या मुलाला घाबरायचं कारण नाही. स्वतःच्या नावावर असेल तर मात्र योजना बघा. आवास योजनेला अर्जदाराच्या कुटुंबाचं देशात कुठेही पक्कं घर चालत नाही. म्हाडा मुंबईच्या सोडतीला विचारते ते मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या घराचं. कणकवलीच्या घराशी तिला कर्तव्य नसतं.