कॅल्शियम १३.२

सिविक सेंटरला संध्याकाळी चक्कर मारायला निघालो की कुणी ना कुणी रिपोर्ट पुढे करतंच. पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झालो, पण भिलाईतली आमची विदर्भाकडची मंडळी सोडत नाहीत. परवा शेजारच्या काकूंचा मुलगा म्हणाला, "काका, आईचं कॅल्शियम १३.२ आलंय. तिला पॅराथायरॉइडचा त्रास जुनाच आहे, त्यातलंच असेल ना?"

हे 'त्यातलंच' मला खटकतं.

पॅराथायरॉइड म्हणजे थायरॉइडच्या मागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी. त्यांतून निघणारं पीटीएच हे संप्रेरक रक्तातलं कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान ठेवतं. एखादी ग्रंथी वाढली की कॅल्शियम चढतं, पण बहुधा वर्षानुवर्षं अकराच्या आसपास रेंगाळतं. काकूंचंही तसंच होतं. काही आठवड्यांत ते तेरावर गेलं, तर कॅन्सरची शंका घ्यायलाच हवी.

काही गाठी पीटीएचसारखंच प्रथिन रक्तात सोडतात. हाडं आणि मूत्रपिंडं फसतात. हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं आणि लघवीवाटे कमी जातं. अमेरिकन डॉक्टर फुलर अल्ब्राइटने १९४१मध्ये हा तर्क मांडला. प्रथिन हाती लागलं १९८७मध्ये. स्तन, फुफ्फुस, मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये हे घडतं. मायलोमात, म्हणजे अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये मात्र हाडंच पोखरली जातात.

एरवी ओळखणं सोपं. कॅल्शियम कॅन्सरमुळे वाढलं की निरोगी ग्रंथी गप्प बसतात, पीटीएच तळाला जातं. पण काकूंची बिघडलेली ग्रंथी कुणाचं ऐकत नाही. कॅन्सर असला तरी तिचं पीटीएच चढंच दिसू शकतं, आणि डॉक्टरही निर्धास्त होतात. अशा वेळी त्या दुसऱ्या प्रथिनाची, म्हणजे पीटीएचआरपीची तपासणी आणि गाठीचा शोध, दोन्ही लागतात.

लक्षणं फसवी: तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, गुंगी, बरळणं. भिलाईच्या मे महिन्यात तहानेला कोण विचारतो? आणि म्हातारं माणूस बरळलं की वयाचं नाव पुढे.

त्याला म्हटलं, "उद्यावर ढकलू नको, आजच सेक्टर ९च्या हॉस्पिटलात ने. आधी सलाइन, मग हाडातलं कॅल्शियम रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिड देतील. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. कॅल्शियम-व्हिटॅमिन डीच्या गोळ्या बंद कर. आणि जुने सगळे रिपोर्ट ने. नुसत्या तेरापेक्षा, आधी किती होतं हे डॉक्टरला जास्त सांगून जाईल."