देश नसलेल्यांचा पासपोर्ट

परदेशी जायचे तर पासपोर्ट लागतो, एवढे आपल्या घरातले शाळकरी पोरही सांगेल. पण तो देणारे सरकारच उद्या म्हणाले, 'हा माणूस आमचा नव्हे', तर त्याने जावे कोठे आणि राहावे तरी कोठे?

हाच प्रसंग पहिल्या महायुद्धानंतर लाखो रशियनांवर गुदरला. क्रांती आणि यादवी यांतून निसटलेली ही माणसे कॉन्स्टँटिनोपल, बर्लिन, पॅरिस, थेट चीनमधल्या हार्बिनपर्यंत पांगली होती. डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांतल्या बहुतेकांचे नागरिकत्वच काढून घेतले.

रेडक्रॉसने आधीच राष्ट्रसंघाकडे धाव घेतली होती. संघाने हे काम सोपवले नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्यावर. १८८८ साली ग्रीनलंडचे बर्फ आडवे तुडवून जाणारा हा धाडसी संशोधक! युद्धकैद्यांना घरी पोचवण्याचे प्रचंड काम त्यांनी नुकतेच हाती घेतले होते; त्यातून चार लाखांहून अधिक कैदी मायदेशी परतले.

जुलै १९२२ मध्ये जिनीव्हात परिषद भरली आणि 'नान्सेन पासपोर्ट' जन्माला आला. खरे पाहता तो पासपोर्ट नव्हताच. बाळगणारा कोण, एवढे सांगणारा साधा दाखला होता. पण हळूहळू पन्नासांहून अधिक देशांनी तो मानला. १९२४ साली आर्मेनियन निर्वासितांनाही तो मिळू लागला. पुढे त्यावर नान्सेन यांचे चित्र असलेले तिकीट चिकटवीत. त्याचे पैसे गरजू निर्वासितांच्याच मदतीला जात. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल, कादंबरीकार नाबोकोव्ह, सारे याच कागदावर हिंडले.

उणेही होतेच. दाखला घेऊन देशाबाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेण्याचे बंधन त्या देशावर प्रारंभी नव्हते. म्हणजे दार उघडे, पण बाहेर जाण्यापुरतेच! १९२६ च्या करारात परतीची सोय करण्याचा प्रयत्न झाला. मला या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दया दाखवणारे पुष्कळ भेटतात. कलमातली एक ओळ दुरुस्त करण्यासाठी वर्षानुवर्षे झगडणारे थोडे.

आपल्याकडचे उदाहरण पाहा. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरलेल्या सिंधी कुटुंबांचे हाल काही कमी झाले नाहीत. पण ती आली त्या देशाची नागरिक ठरली. त्याच छावण्यांचे पुढे उल्हासनगर झाले. पायाखाली कायद्याची जमीन असली, की माणूस पुन्हा उभा राहतो तो असा.

नान्सेन १९३० साली वारले. त्यांच्या नावाने चाललेल्या निर्वासित कचेरीला १९३८ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना स्वतःला ते १९२२ सालीच लाभले होते. १९५१ च्या जिनीव्हा कराराने निर्वासिताची व्याख्या केली. पण तो करार १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. ही मर्यादा १९६७ साली उठली. भारताने मात्र त्यावर सही केलेली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये माराकेश येथे स्थलांतराविषयी जागतिक करारनामा स्वीकारला गेला, तोही कायद्याने बंधनकारक नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली सुमारे ३० कोटी ४० लाख माणसे जन्मभूमीबाहेर राहत होती. त्यांत आपल्या शेजारपाजारची मुलेमुलीही आहेत. त्यांच्या खिशात पासपोर्ट आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. ज्यांच्या खिशात तो नाही, त्यांच्यासाठी नान्सेन यांनी आरंभिलेले काम अजून पुरे व्हायचे आहे.