वाऱ्यावर पोसलेला कोळी

१९२४ची ब्रिटिश एव्हरेस्ट मोहीम म्हटलं की मॅलरी आणि अर्विन हे गिर्यारोहक आठवतात. मला आठवतात ते मोहिमेचे डॉक्टर, रिचर्ड हिंग्स्टन. गिर्यारोहकांची तब्येत सांभाळता सांभाळता ते वाटेतले दगड उलटून किडे शोधत. सुमारे ६,७०० मीटरवर, जिथे गवताचं पातंही उगवत नाही, तिथल्या खडकांत त्यांना जिवंत कोळी सापडले. नखाएवढेही नसतील, पण टुणकन उडी मारणारे!

कोळी पक्का शिकारी. इथे तो खातो तरी काय? आसपास दुसरा प्राणी दिसेना, तेव्हा ते एकमेकांनाच खात असावेत, असा तर्क हिंग्स्टन यांनी केला. पण तसं घर किती दिवस चालणार? बाहेरून काहीतरी यायलाच हवं.

१९५४मध्ये मकालू शिखराच्या मोहिमेवर गेलेल्या लॉरेन्स स्वान यांच्या निरीक्षणांतून हे कोडं सुटत गेलं. दऱ्याखोऱ्यांतून वर चढणारा वारा परागकण, बीजाणू, पानांचा चुरा, मेलेले कीटक असं सगळं उचलून आणतो आणि कपारींत टाकतो. त्या कचऱ्यावर आणि बुरशीवर जगतात स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव आणि काही माश्या. त्यांच्यावर टपलेला असतो आपला कोळी. म्हणजे त्याच्या जेवणातलं हिरवं पान कुठेतरी खाली, दूरच्या दरीत उगवलेलं!

ऊब मिळते दगडाकडून. हवा गोठवणारी असली तरी विरळ वातावरणातलं प्रखर ऊन काळ्या खडकाला चांगलंच तापवतं.

कोळ्याला पोसणारा हाच वारा झाडांच्या मात्र जिवावर उठतो. ओलावा शोषतो, ऊब पळवतो. म्हणून कोळ्याच्या घरापेक्षा जरा खाली, जिथे वनस्पती तग धरतात, तिथे त्या जमिनीला चिकटून, गोल गादीसारख्या वाढतात. एव्हरेस्टच्या परिसरात अशीच एक गादी, अरेनारिया, ६,१८० मीटरवर नोंदली गेली आहे. लडाखमधल्या थायलॅकोस्पर्ममची गादी तर बोटाने दाबून दबत नाही, इतक्या दाटीने तिची इवली पानं बसलेली असतात. आतली जुनी पानं गळून पडायला जागाच नसते. ती तिथेच कुजतात, वाऱ्याने आणलेली धूळही त्यांत अडकते आणि उघड्या दगडावर त्या झाडाची स्वतःची माती तयार होते.

हिंग्स्टन यांच्या कोळ्याचं शास्त्रीय नामकरण व्हायला १९७५ उजाडलं. युओफ्रिस ऑम्निसुपरस्टेस, म्हणजे सगळ्यांच्या वर उभा असलेला.