कळीचा चुना विरतो तेव्हा

वाईतल्या एका जुन्या वाड्याच्या पडवीला चुन्याचा गिलावा करायचा होता. भट्टीवरून आलेल्या कळ्या गोणीत होत्या. मिस्त्रींनी तोंडाला फडकं बांधलं, अर्धा हौद पाण्याने भरला आणि म्हणाले, "साहेब, मागं सरा. आता तो चिडणार."

घमेलंभर कळ्या पाण्यात गेल्या. थोडा वेळ काहीच घडलं नाही. मग तड् तड् आवाज आला, दगडासारख्या कळ्यांना भेगा गेल्या आणि पाणी खदखदू लागलं. खाली जाळ नाही, तरी वाफ छपरापर्यंत.

ही आग आली कुठून? त्यासाठी भट्टीपर्यंत मागे जायला हवं. चुनखडीत दोन तऱ्हांचे बंध असतात. कॅल्शियमने आपले बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकलेले असतात. तो धनभारित, समोरचा कार्बोनेट ऋणभारित, आणि ही ओढ दोघांना धरून ठेवते. कार्बोनेटच्या पोटात मात्र देणं-घेणं नाही, भागीदारी आहे: एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात. भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला ही भागीदारी मोडते. कार्बन दोन ऑक्सिजन घेऊन वायुरूपात धुराड्यातून निघून जातो. तिसरा ऑक्सिजन भागीदारीतले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन कॅल्शियमपाशी उरतो. 100 किलो शुद्ध चुनखडीतून 56 किलो कळी मिळते, 44 किलो हवेत जाते.

या उरलेल्या ऑक्सिजनला चैन नसते. पाणी भेटताच तो त्यातला एक हायड्रोजन केंद्रक खेचतो आणि दोन हायड्रॉक्साइड तयार होतात. बंध तुटला की ऊर्जा सुटते, असा समज शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेला असतो. खरं उलटं आहे: तोडायला ऊर्जा घालावी लागते, जुळताना ती बाहेर पडते. इथे तोडण्यात गेली त्याहून जुळण्यात जास्त निघाली, म्हणून हौद उकळला. भट्टीत जाळलेल्या सरपणाचा थोडा हिशेब इथे परत मिळाला, असं मी मिस्त्रींना म्हणालो. ते हसले. "सरपणाचे पैसे तर तुम्हीच दिलेत."

विरलेला चुना त्यांनी पाण्याखालीच मुरत ठेवला. पाण्याचा थर असला की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत पोचत नाही, नाहीतर चुना हौदातच परत दगड होऊ लागतो. पुढे तो लोण्यासारखा झाला; मग वाळू, गूळ, हिरड्याचं पाणी घालून घोटून भिंतीवर चढला. तिथे हवा हवीच. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तोच प्रकार भिंतीत घडतो, पण संथपणे आणि बाहेरून आत.

तीन महिन्यांनी मी गिलाव्याचा एक टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले. बाहेरची कड पांढरीच राहिली, तिथे पुन्हा चुनखडी झाली होती. आतला भाग गर्द गुलाबी, म्हणजे तिथला चुना अजून हवेची वाट पाहत होता. मिस्त्री टवका निरखत म्हणाले, "रंग लावायची घाई करू नका, सांगितलं होतं ना?"

घरी हे करून पाहणाऱ्यांना एवढंच सांगणं: कळ्या पाण्यात सोडा, कळ्यांवर पाणी ओतू नका, आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हौदाजवळ जाऊ नका.