मांजर चावले तर...

कुत्रा चावला की आमच्या गावात धावपळ उडते. मांजर चावले तर मात्र लोक हसतात. गेल्या श्रावणात आमच्या घरीही तसेच झाले. कणगीमागे मांजर व्यायले होते. आई ज्वारी काढायला वाकली आणि मांजरीने तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले. सुईने टोचल्यासारखी दोन छिद्रे, रक्ताचे चार थेंब. आजीने हळद-चुना भरला. आईने मला विचारले, "तू कॉलेजात जातेस ना गं? दवाखान्यात जायला पाहिजे का?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे माझा शब्द प्रमाण! मी ऐटीत म्हणाले, "काही नको, इवलीशी तर जखम."

दुसऱ्या दिवशी तो हात भाकरी थापण्याच्या कामाचा राहिला नव्हता. अंगठा टम्म सुजला, लाली मनगटापर्यंत चढली, अंगात कणकण भरली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न होता, "काल का नाही आलात?" मी खाली मान घातली.

कुत्र्याच्या दाताने मांस फाटते. जखम उघडी राहते, धुता येते. मांजराचा दात बारीक आणि तीक्ष्ण. तो सरळ खोल, कधी सांध्यापर्यंत जातो, आणि निघताच वरची कातडी मिटते. तोंडातले जंतू आत कोंडले जातात. त्यांतल्या मुख्य जंतूचे नाव पाश्चुरेला. निरोगी, लाडक्या मांजराच्या तोंडातही तो असतो. बहुधा चोवीस तासांच्या आतच सूज दिसू लागते. हाताला मांस कमी आणि सांधे जवळजवळ, म्हणून हाताचा चावा अधिक वाईट. चुन्याने तर जखम आणखी भाजते.

दुसरे भय रेबीजचे. हा रोग कुत्र्याचाच अशी आपली समजूत. पण पिसाळलेल्या मांजराच्या लाळेतूनही तो होतो. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र रोग टळतो. या रोगावरची लस लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाला टोचवली. गंमत म्हणजे वरच्या जंतूला नावही त्याचेच आहे.

तेव्हा दात कातडीत शिरला असेल, तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नुसते नख लागले तरी विचारून घ्यावे. सूज पसरते आहे, पू येतो आहे, ताप आहे किंवा बोट वाकत नाही, असे असेल तर रात्र असली तरी निघावे. मधुमेही माणसाने विशेष जपावे. मांजर घरचे असले तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवतात. पण तोवर लस अडवून धरायची नसते. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचेही विचारावे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेतच आणखी एक औषध टोचतात.

"पोटात चौदा इंजेक्शने" ऐकूनच आजीने डोळे मिटले होते. ती जुनी लस आपल्याकडे २००४ सालीच बंद झाली. आता दंडात टोचतात, आणि चार-पाच खेपांत काम होते.

आईच्या तारखांवर मी भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल शाईने खुणा केल्या होत्या. शेवटच्या खेपेला ती एकटीच एस. टी.ने गेली. अंगठा आता वाकतो, मात्र थंडीत अजून ठणकतो. मांजर कणगीमागेच आहे.