वजन नाहीसं झालं की हाडं ठिसूळ का होतात? अंतराळवीरांच्या शरीरातल्या पेशींचं काय होतं, जाणून घ्या

सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी पृथ्वीवर परतल्या, तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. १९ मार्च २०२५ ची आपल्याकडची पहाट होती. यान समुद्रात उतरलं, दार उघडलं आणि त्यांना आधार देऊन स्ट्रेचरवर घेतलं गेलं. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला, धडधाकट माणसाला स्ट्रेचर कशाला?

परतल्यावर लगेच नीट चालता येत नाही, कारण कानातला तोल सांभाळणारा भाग आणि रक्ताभिसरण या दोन्हींची पृथ्वीवरची सवय मोडलेली असते. ती हळूहळू परत येते. पण आणखी एक बदल झालेला असतो. तो बाहेरून दिसत नाही आणि भरून यायला कित्येक महिने लागतात. हा बदल हाडं, सांधे आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या पेशींमधला असतो.

तिथे गुरुत्वाकर्षण नसतं का?

असतं. अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथलं गुरुत्वाकर्षण इथल्या जवळजवळ ९० टक्के आहे. मग माणसं तरंगतात कशी? जत्रेतला आकाशपाळणा वरून झपकन खाली येतो तेव्हा पोटात गोळा येतो, क्षणभर अंग हलकं वाटतं. स्थानक तर पृथ्वीभोवती सतत पडतच असतं, फक्त वेग इतका प्रचंड असतो की ते जमिनीला टेकत नाही. आतली माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात. त्यामुळे पायावर, कण्यावर वजन येतच नाही.

पेशींना वजन कसं कळतं?

हाड, सांध्यातली कूर्चा, हाडाला हाड जोडणारे अस्थिबंध, स्नायू हाडाला बांधणाऱ्या स्नायुरज्जू, कातडीचा आतला थर, या सगळ्यांना शाळेच्या पुस्तकात ‘संयोजी ऊती’ म्हणतात. यांत पेशी थोड्या आणि पेशींनी विणलेलं जाळं जास्त. या जाळ्यातले मजबूत दोर कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात. कातडीत आणि स्नायुरज्जूंत ते विणायचं काम फायब्रोब्लास्ट जातीच्या पेशी करतात.

या पेशी दोरांना घट्ट धरून असतात. पेशीच्या आतही बारीक तंतूंचा सांगाडा असतो. बाहेरचा दोर ताणला की तो ताण या तंतूंवरून थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. नवं किती विणायचं आणि जुनं किती काढायचं, हे ठरवताना पेशी या ताणाचा अंदाज घेते. अंतराळातल्या प्रयोगांत पेशींचा हा आतला सांगाडा बदललेला दिसला आहे. कोलॅजेन वाढतं की घटतं, याचं उत्तर मात्र सगळ्या प्रयोगांत सारखं आलेलं नाही.

हाडात काय घडतं?

इथलं चित्र जास्त स्पष्ट आहे. हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात काही पेशी जुनं हाड कुरतडतात, काही नवं बांधतात. दोघींवर लक्ष ठेवणाऱ्या तिसऱ्या पेशी हाडाच्या आत बारीक नळ्यांत बसलेल्या असतात, त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. आपण चाललो, ओझं उचललं की त्या नळ्यांतला द्रव हलतो आणि या पेशींना भार कळतो. भार थांबला की त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात. त्यामुळे बांधणीला ब्रेक लागतो, कुरतडणं मात्र चालूच राहतं.

पुरेसा व्यायाम नसेल, तर कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता दर महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का घटते. सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं, म्हणून मुतखड्याचा धोकाही वाढतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ अंतराळवीरांची हाडं तपासली होती. परतून वर्ष झालं तरी त्यांतल्या ९ जणांचं नडगीचं हाड पूर्ण भरून आलेलं नव्हतं.

कण्याची गोष्ट उलटी. मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब गेला की त्या फुगतात, उंची काही सेंटीमीटर वाढते आणि पाठ दुखते. आपणही सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो, त्याचं कारण हेच.

यावर उपाय काय?

अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. धावपट्टीवर त्यांना पट्ट्यांनी खाली ओढून धरलेलं असतं, म्हणजे पायावर भार येतो. दुसरा मार्ग कृत्रिम गुरुत्वाकर्षणाचा. २०१९ मध्ये जर्मनीतल्या कोलोन इथे काही स्वयंसेवकांना डोक्याकडची बाजू ६ अंश खाली ठेवून ६० दिवस झोपवून ठेवलं. त्यांतल्या काहींना रोज ३० मिनिटं गोल फिरणाऱ्या यंत्रात फिरवलं आणि त्याचा काय परिणाम होतो ते तपासलं.

आपल्या घरात याचा काय संबंध?

त्या स्वयंसेवकांना झोपवूनच का ठेवलं? कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हाडांना आणि स्नायूंनाही वजनाचा निरोप मिळत नाही. प्लास्टर काढल्यावर पाय बारीक झालेला दिसतो, तो याचमुळे. खुब्याचं हाड मोडलेली आजी किंवा मोठ्या आजारातून उठलेले वडील ‘आराम करू दे’ म्हणून महिनोन्‌महिने पडून राहिले, तर हाडं आणखी ठिसूळ होतात आणि उठणं अजून अवघड होतं.

म्हणून दवाखान्यातून सुट्टी घेताना डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की विचारा: उठून बसवायचं कधी, उभं करायचं कधी, आणि पायावर वजन किती द्यायचं. ताज्या फ्रॅक्चरवर स्वतःच्या मनाने भार देऊ नका. पण डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर हाताला धरून अंगणापर्यंत चार पावलं रोज चालवा.